इटलीत सुट्टी कोण ठरवते? राज्य, चर्च आणि गाव

ऑक्टोबर २०२५ मध्ये इटलीच्या संसदेने एक छोटासा कायदा संमत केला. असिसीच्या संत फ्रान्सिसचा दिवस, म्हणजे ४ ऑक्टोबर, हा २०२६ पासून देशभर सार्वजनिक सुट्टीचा दिवस असेल, एवढेच त्याचे सार. संत फ्रान्सिसचे निधन १२२६ साली झाले, तेव्हा आठशेव्या पुण्यतिथीचे वर्ष साधून ही सुट्टी सुरू करावी, हे समजण्यासारखे आहे. पण बातमी नीट वाचणाऱ्याला लगेच काही प्रश्न पडतात. २०२६ चा ४ ऑक्टोबर रविवारी येतो आणि इटलीत रविवारी आलेल्या सुट्टीची भरपाई सोमवारी मिळत नाही. बोलोन्या शहरात तर ४ ऑक्टोबर आधीपासून सुट्टीचाच दिवस आहे, पण तो संत पेत्रोनियोसाठी. आणि खुद्द असिसी शहराचा पालक संत, म्हणजे शहराचा रक्षक मानला जाणारा संत, फ्रान्सिस नाहीच. तो मान संत रुफिनोचा, आणि त्याचा दिवस १२ ऑगस्ट.

हा गुंता एका कायद्यापुरता नाही. इटलीच्या सगळ्या वार्षिक दिनदर्शिकेचाच तो स्वभाव आहे. बारामतीत पियाज्जोचा आणि रांजणगावात फियाटचा कारखाना आहे, मिलान आणि तोरिनोच्या विद्यापीठांत मराठी मुले शिकायला जातात, आणि दर उन्हाळ्यात सहलींच्या गाड्या भरभरून रोम-व्हेनिस पाहायला माणसे निघतात. यांपैकी प्रत्येकाला कधी ना कधी बंद दरवाजा भेटतो आणि समजत नाही की आज नेमके काय आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात असे देता येईल की इटलीत सुट्टी ठरवणारे तिघे आहेत: राज्य, चर्च आणि गाव. कायद्याच्या पुस्तकात तिसऱ्याला सर्वांत कमी जागा आहे, आणि प्रत्यक्ष आयुष्यात, माझ्या मते, सर्वांत मोठी.

कागदावरची यादी

सुट्ट्यांचा मूळ कायदा २७ मे १९४९ चा, क्रमांक २६०. त्यात पुढे अनेकदा फेरफार झाले. आजची यादी अशी आहे: १ जानेवारी, ६ जानेवारीचा तीन राजांचा सण, ईस्टरचा रविवार आणि त्यानंतरचा सोमवार, २५ एप्रिल, १ मे आणि २ जून, १५ ऑगस्टचा मारियामातेच्या स्वर्गारोहणाचा दिवस, १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस, ८ डिसेंबरचा निष्कलंक गर्भसंभवाचा सण, नाताळ आणि २६ डिसेंबरचा संत स्तेफानोचा दिवस. यात आता ४ ऑक्टोबरची भर पडली. ईस्टरचा रविवार धरला तर हे तेरा दिवस होतात.

भारतीय वाचकाला या यादीत एक गोष्ट खटकेल, ती म्हणजे गुड फ्रायडे. भारतात त्या दिवशी सरकारी सुट्टी असते, आणि जिथे पोप राहतात त्या रोम शहरात मात्र कार्यालये, बँका आणि दुकाने रोजच्यासारखी उघडी असतात. चर्चच्या दृष्टीने तो उपवासाचा आणि शोकाचा दिवस आहे, कामबंदीचा नाही. म्हणून सिसिलीतल्या त्रापानी शहरात ख्रिस्ताच्या यातनांचे वीस देखावे खांद्यावर घेऊन शुक्रवारी दुपारी निघालेली मिरवणूक शनिवारी दुपारपर्यंत, जवळजवळ चोवीस तास चालते, आणि तरीही कायद्याच्या लेखी तो कामाचा शुक्रवारच असतो. सुट्टी मिळते ती ईस्टरनंतरच्या सोमवारी. त्या दिवसाला पास्क्वेत्ता म्हणतात, आणि डबे बांधून शहराबाहेर मोकळ्या हवेत जेवायला जाणे हा त्याचा एकमेव विधी.

गोव्यातल्या वाचकांना यांतले काही दिवस मुद्दाम समजावून सांगण्याची गरज नाही. रेइश मागूश आणि चांदोर इथे ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त होते आणि पणजीच्या टेकडीवरच्या चर्चचे फेस्त ८ डिसेंबरला. तारखा त्याच आहेत, कारण त्या एकाच चर्चच्या आहेत. इटलीत मात्र ६ जानेवारीच्या तीन राजांना लोककथेतल्या एका म्हातारीने मागे टाकले आहे. तिचे नाव बेफाना. ती आदल्या रात्री झाडूवर बसून येते, शहाण्या मुलांच्या मोज्यांत मिठाई आणि खोडकर मुलांच्या मोज्यांत कोळसा टाकून जाते. हल्ली हा कोळसा काळ्या रंगाच्या साखरेचा असतो. ‘तीन राजांचा सण आला की सगळे सण संपले’ अशा अर्थाची एक इटालियन म्हण आहे, आणि खरोखरच ७ जानेवारीला शाळा सुरू होतात.

राज्याचे तीन दिवस

यादीतले तीन दिवस निखळ राष्ट्रीय आहेत. १ मे हा कामगार दिन. २ जून हा प्रजासत्ताकाचा दिवस: १९४६ साली २ आणि ३ जूनला झालेल्या सार्वमतात इटलीने राजेशाहीला निरोप दिला. सुमारे १ कोटी २७ लाख मते प्रजासत्ताकाला आणि सुमारे १ कोटी ७ लाख राजाला मिळाली, आणि देशव्यापी मतदानात इटालियन स्त्रियांनी प्रथमच भाग घेतला तो याच वेळी. दर वर्षी रोममध्ये कोलोसियमजवळच्या रस्त्यावर संचलन होते आणि हवाई दलाची विमाने आकाशात तिरंगी धूर सोडत जातात. तो तिरंगा हिरवा, पांढरा आणि लाल.

२५ एप्रिलबद्दल मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण त्या दिवसाशी महाराष्ट्राचे खरे नाते आहे आणि ते इथे फार थोड्यांना माहीत आहे. २५ एप्रिल १९४५ रोजी उत्तर इटलीतल्या प्रतिकार चळवळीच्या समितीने मिलानमधून सार्वत्रिक उठावाची हाक दिली, आणि फॅसिस्ट राजवटीचा व जर्मन ताब्याचा शेवट झाला. पुढच्याच वर्षीपासून तो मुक्तिदिन म्हणून सुट्टीचा झाला. उठाव यशस्वी झाला तो दक्षिणेकडून दोस्त राष्ट्रांच्या फौजा डोंगर आणि नद्या ओलांडत वर सरकत होत्या म्हणून, आणि त्या फौजांत भारताच्या तीन डिव्हिजन होत्या: चौथी, आठवी आणि दहावी. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान त्यांत होते. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या तिबर खोऱ्यात एकटे उरले. त्यांच्या तुकडीतला बाकीचा प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला होता, तरी त्यांनी समोरच्या मशीनगनवर धाव घेतली, ती बंद पाडली आणि तिथेच त्यांना गोळ्या लागल्या. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी दोन जखमी सोबत्यांना गोळीबारातून मागे आणून पोहोचवले, मग एकट्याने मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करत उरलेल्या तुकड्यांना पुढे बोलावले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे यांना मरणोत्तर. सेनियोच्या त्या लढाईनंतर सोळाव्या दिवशी मिलानमध्ये उठाव झाला. इटली २५ एप्रिलला जी सुट्टी घेते तिच्या किमतीत या दोन मराठी माणसांचा वाटा आहे, असे मला अगदी मनापासून वाटते.

तिसरा मालक: गाव

आता मूळ गुंत्याकडे येऊ. इटलीत सुमारे ७,९०० नगरपालिका आहेत, आणि अगदी लहान डोंगरी गावापासून रोमपर्यंत प्रत्येकीचा एक पालक संत असतो. त्याच्या दिवशी त्या गावात शाळा, बँका, सरकारी कार्यालये आणि बहुतेक कारखाने बंद राहतात, तर दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात सगळे सुरू असते. आपल्याकडे ग्रामदैवताच्या यात्रेचा दिवस गावागणिक वेगळा असतो आणि जिल्हाधिकारी आपल्या जिल्ह्यापुरती स्थानिक सुट्टी जाहीर करतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही व्यवस्था समजायला जड जाऊ नये. फरक एवढाच की इटलीत ही सुट्टी दर वर्षी नव्याने जाहीर करावी लागत नाही. ती नोकरीच्या करारांतच धरलेली असते.

मोठ्या शहरांच्या तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. फ्लॉरेन्स, तोरिनो आणि जेनोवा या तिन्ही शहरांचा पालक संत योहान बाप्तिस्ता, दिवस २४ जून. फ्लॉरेन्समध्ये त्या दिवशी चार जुन्या विभागांच्या संघांत मध्ययुगीन चेंडूखेळाचा अंतिम सामना होतो. त्यात कुस्ती आणि ठोसेबाजीही चालते. रोमचा दिवस २९ जून, पेत्र आणि पौल यांचा. नेपल्सचा १९ सप्टेंबर. कातानियाची संत अगाथा ३ ते ५ फेब्रुवारी असे तीन दिवस शहर ताब्यात घेते. मिलानचा संत अम्ब्रोजो ७ डिसेंबरला येतो आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असल्यामुळे मिलानकरांना वर्षाच्या शेवटी सलग दोन दिवस हमखास मिळतात. स्काला या जगप्रसिद्ध ऑपेरागृहाचा नवा हंगामही ७ डिसेंबरलाच उघडतो.

पालक संताचा दिवस म्हणजे केवळ प्रार्थना आणि मिरवणूक असे समजू नये. उंब्रिया प्रांतातल्या गुब्बियो या डोंगरी शहराकडे पाहा. त्याचा पालक संत उबाल्दो, हा बाराव्या शतकातला तिथलाच बिशप, ११६० साली वारला. त्याच्या सणाच्या आदल्या दिवशी, म्हणजे १५ मे रोजी, तीन ‘चेरी’ शहरातून धावतात. चेरी म्हणजे सुमारे चार मीटर उंचीचे, जवळपास तीनशे किलो वजनाचे लाकडी मनोरे. प्रत्येकाच्या टोकाला एका संताची मूर्ती. उबाल्दोचा मनोरा वाहणाऱ्यांचे सदरे पिवळे, संत जॉर्जच्या मनोऱ्याचे निळे आणि संत अंतोनियोच्या मनोऱ्याचे काळे. पांढरी विजार आणि कमरेचा लाल पट्टा सर्वांना सारखा. सकाळी चौकात मनोरे उभे करतात, तेव्हा प्रत्येक मनोऱ्याचा म्होरक्या मातीच्या घागरीतले पाणी लाकडाच्या सांध्यावर ओततो आणि ती घागर गर्दीत भिरकावून देतो. खापराचा एखादा तुकडा मिळावा म्हणून लोकांची झुंबड उडते, कारण तो तुकडा घरात असणे शुभ. संध्याकाळी शर्यत सुरू होते: आधी अरुंद गल्ल्यांतून आणि मग इंजिनो डोंगराच्या चढावर, संताचे शव जिथे ठेवलेले आहे त्या मंदिरापर्यंत. वाहणारे धावता धावताच बदलतात. मनोरा थांबत नाही.

या शर्यतीत कोण जिंकतो? दर वर्षी उबाल्दो पहिला, जॉर्ज दुसरा, अंतोनियो तिसरा. क्रम ठरलेला आहे आणि कुणी कुणाला ओलांडत नाही. कस लागतो तो मनोरा पडू न देण्यात, दोन मनोऱ्यांत अंतर पडू न देण्यात आणि शेवटच्या क्षणी दारापाशी: उबाल्दोची माणसे आत शिरताच मंदिराचे दार लावून घ्यायला धडपडतात आणि जॉर्जची माणसे ते लागायच्या आत घुसायला. कोणता मनोरा आपला, हे बहुधा घराण्यावरून ठरते. उंब्रिया प्रांताने आपल्या अधिकृत चिन्हात हेच तीन मनोरे घेतले आहेत.

नेपल्सचा प्रकार अगदी निराळा. तिथला संत जेन्नारो चौथ्या शतकाच्या प्रारंभी हुतात्मा झाला असे मानतात. त्याचे रक्त म्हणून जपलेला गडद, घट्ट पदार्थ कुप्यांत बंद आहे, आणि वर्षातून तीन वेळा (मेच्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी, १९ सप्टेंबरला आणि १६ डिसेंबरला) तो पातळ होतो का, हे पाहायला लोक प्रधानचर्चमध्ये जमतात. या घटनेची सर्वांत जुनी नोंद १३८९ सालची. पुढच्या रांगांत काही वृद्ध स्त्रिया बसतात. त्यांना ‘संत जेन्नारोच्या नातेवाईक’ म्हणतात आणि उशीर झाला की त्या संताला हक्काने रागवतात, ‘पिवळतोंड्या’ अशी हाक मारतात. रक्त पातळ झाले की पांढरा रुमाल हलवून लोकांना तशी खूण केली जाते. चर्च या घटनेला चमत्कार म्हणून अधिकृत मान्यता देत नाही. या संताचा खजिना आणि चॅपेल सांभाळते ती संस्थाही चर्चची नाही. शहराने १५२७ साली संताला लेखी नवस केला आणि तो पाळण्यासाठी नागरिकांचे मंडळ नेमले, त्याचीच परंपरा आजवर चालत आली आहे.

नवस फेडणारी शहरे

नवस हा शब्द इथे अगदी नेमका बसतो. इटलीतल्या कित्येक शहरांचे मोठे सण म्हणजे प्लेगच्या साथीत केलेले आणि अजून फेडले जाणारे नवस आहेत. व्हेनिसमध्ये १५७५ ते १५७७ च्या साथीनंतर पाल्लादियो या वास्तुविशारदाकडून रेदेन्तोरे हे चर्च बांधवले गेले. आजही जुलैच्या तिसऱ्या रविवारी पाण्यावर तात्पुरता पूल टाकून लोक तिथे जातात. १६३० च्या साथीत पुन्हा नवस झाला आणि सालूते हे दुसरे चर्च उभे राहिले. २१ नोव्हेंबरला तिथे मेणबत्त्या लावायच्या आणि घरी येऊन खारवलेल्या मांसाचा व कोबीचा रस्सा खायचा, हा व्हेनिसकरांचा रिवाज. पालेर्मोने १६२४ च्या साथीनंतर संत रोझालियाला आपली रक्षक मानले, आणि सार्दिनियातल्या कालियारीने १६५२ साली संत एफिसियोला नवस बोलला. १ मे रोजी सारा देश कामगार दिन पाळतो तेव्हा कालियारीत बैलगाड्या आणि पारंपरिक वेशातली माणसे एफिसियोची मूर्ती घेऊन नोरा गावाकडे निघतात, आणि ४ मेला परत येतात.

सरकारने काढलेली सुट्टी सरकार मागे घेऊ शकते. पण शहराने संताला दिलेला शब्द मागे घेण्याचा अधिकार कुणाकडे असतो? या सणांच्या चिवटपणाचे कारण मला इथे दिसते.

सरकारने सुट्ट्या रद्द केल्या तेव्हा काय झाले

याची परीक्षा एकदा झालेली आहे. मार्च १९७७ मध्ये, आर्थिक ओढाताणीच्या काळात, इटलीने कामाचे दिवस वाढवण्यासाठी ५४ क्रमांकाचा कायदा केला. तीन राजांचा सण, १९ मार्चचा संत योसेफाचा दिवस, ख्रिस्ताचे स्वर्गारोहण, कोर्पुस दोमिनी (ख्रिस्तदेहाचा सण) आणि २९ जून हे पाच धार्मिक दिवस यादीतून गेले. २ जूनचा प्रजासत्ताक दिन जूनच्या पहिल्या रविवारी आणि पहिल्या महायुद्धाच्या विजयाचा ४ नोव्हेंबर हा दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ढकलला गेला. कामगारांना त्या बदल्यात करारांतून काही तासांची भरपगारी रजा मिळाली. ती ‘रद्द सणांची रजा’ या नावाने पगारपत्रकांत आजही दिसते.

पुढे हे निर्णय एकेक करून उलटत गेले. १९८४ साली इटली आणि व्हॅटिकन यांच्यात नवा करार झाला आणि १९८५ च्या शेवटी निघालेल्या आदेशाने ६ जानेवारी देशभर परत आला. रोमला आपला २९ जून त्याच आदेशाने परत मिळाला. म्हणून रोमचा स्थानिक सण आंतरराष्ट्रीय कराराने बांधलेला आहे, ही इतर कोणत्याही इटालियन शहराला नसलेली स्थिती आहे. २ जून परत येण्यास २००१ साल उजाडले. ४ नोव्हेंबरची सुट्टी मात्र कायमची गेली आणि आता त्या दिवशी फक्त समारंभ होतो. १९ मार्चला सुट्टी नाही, पण इटलीचा पितृदिन तोच आहे, आणि नेपल्स-रोमकडच्या मिठाईवाल्यांकडे त्या दिवशी मलई भरलेली तळलेली गोल मिठाई घेण्यासाठी रांगा लागतात.

ऑगस्ट २०११ मध्ये कर्जसंकटाच्या दडपणाखाली सरकारने पुन्हा हात घातला. २५ एप्रिल, १ मे, २ जून आणि गावोगावच्या पालक संतांचे दिवस रविवारला किंवा त्याच्या आगेमागे जोडावेत, असा तो प्रस्ताव होता. संसदेत तिन्ही राष्ट्रीय दिवस वगळले गेले. पालक संतांबद्दलची तरतूद कायद्यात राहिली, पण ती कधीच अमलात आली नाही.

मग दुकाने भलत्याच दिवशी का बंद असतात?

याची दोन कारणे. एक म्हणजे ‘पोन्ते’. सुट्टी गुरुवारी किंवा मंगळवारी आली की मधला शुक्रवार किंवा सोमवार रजा टाकून सलग चार दिवस काढायचे, यासाठीचा हा रोजच्या वापरातला शब्द. एप्रिलच्या शेवटी मुक्तिदिन आणि कामगार दिन सहा दिवसांच्या अंतराने येत असल्यामुळे वार जुळले तर अख्खा आठवडा सुटतो. तेव्हा इटालियन पुरवठादाराकडून कागदपत्रे मागवायची असतील तर ती २० एप्रिलच्या आत मागवावीत.

दुसरे कारण ऑगस्ट. १५ ऑगस्टच्या सुट्टीला फेर्रागोस्तो म्हणतात. सम्राट ऑगस्टसने इसवी सनापूर्वी १८ मध्ये सुरू केलेला विश्रांतीचा उत्सव आणि चर्चचा मारियामातेचा सण हे दोन्ही इथे एकत्र आले आहेत. त्या दिवसाच्या आगेमागे दोन-तीन आठवडे कारखाने बंद असतात, छोटे दुकानदार दारावर ‘रजेनिमित्त बंद’ अशी पाटी लावून समुद्राकडे जातात आणि मिलानसारखे शहर ओस पडते. ही बंदी कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही. उन्हाळ्याची सहल ठरवताना रोम-फ्लॉरेन्सची संग्रहालये चालू सापडतील, पण वस्तीतला शिंपी, चष्मेवाला किंवा दुरुस्तीवाला सापडणार नाही, हे गृहीत धरावे.

इतक्या सुट्ट्या असतील तर देश काम करतो केव्हा?

हा आक्षेप इटलीतही घेतला जातो, आणि ४ ऑक्टोबरच्या कायद्यानंतर तो पुन्हा ऐकू आला. पण यादीची लांबी पाहून हिशेब करणे चुकीचे आहे. शनिवार-रविवारी आलेल्या सुट्ट्या बुडतात. २०२६ सालीच २५ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २६ डिसेंबर शनिवारी, तर ४ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर रविवारी येतात. पाच दिवसांचा आठवडा असणाऱ्याच्या पदरात त्या पाचांतून एकही मोकळा दिवस पडत नाही. रविवारी आलेल्या सुट्टीपोटी मासिक पगारदाराला एका दिवसाचे जादा वेतन मिळते, ते वेगळे. शिवाय रुग्णालये, रेल्वे, हॉटेले आणि पर्यटनस्थळे यांतली लाखो माणसे याच दिवशी राबत असतात.

धर्माच्या आधारे नसलेल्या राज्यात संतांच्या सुट्ट्या कशा?

१९८४ च्या करारानंतर कॅथलिक धर्म हा इटलीचा राजधर्म राहिलेला नाही. चर्चचे सण सुट्ट्या म्हणून टिकले ते करारामुळे आणि सवयीमुळे. इतर धर्मीयांसाठी राज्याने वेगळा मार्ग काढला आहे: प्रत्येक समाजाच्या संस्थेशी स्वतंत्र करार. ज्यूंना शनिवार आणि आपले सण पाळण्याचा हक्क १९८९ च्या कायद्याने मिळाला. ३१ डिसेंबर २०१२ च्या २४६ क्रमांकाच्या कायद्याने हिंदूंच्या संस्थेशी झालेला करार मान्य झाला आणि त्यात दीपावलीचा दिवस नमूद आहे. इटलीत नोकरी करणारा आणि या संस्थेशी जोडलेला हिंदू मराठी माणूस या कायद्याचा हवाला देऊन दिवाळीला सुट्टी मागू शकतो. कामाची सोय पाहून ती द्यायची असते. ही तरतूद अजून फार जणांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली. मुस्लिम समाजाशी मात्र असा करार अद्याप झालेला नाही, आणि ही उणीव मोठी आहे, कारण कॅथलिकांनंतर देशातल्या मोठ्या धर्मसमुदायांत त्यांची गणना होते.

हे सगळे पर्यटकांसाठीच तर चालत नाही ना?

काही ठिकाणी या शंकेत तथ्य आहे. व्हेनिसचा कार्निव्हल अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या स्वतंत्र प्रजासत्ताकाबरोबर संपला होता. आज दिसतो तो १९७९ पासून नव्याने उभा केलेला आहे, आणि त्यात पाहुण्यांचा वाटा मोठा. पण सगळीकडे तोच निकष लावू नये. सिएना शहरातली पालियो ही घोड्यांची शर्यत २ जुलै आणि १६ ऑगस्टला होते. शहराच्या सतरा पेठांपैकी दहा पेठांचे घोडे धावतात. कोणता घोडा कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. स्वार खोगिराशिवाय बसतात आणि स्वार पडला तरी एकटा घोडा जिंकू शकतो. चौकाच्या तीन फेऱ्या साधारण दीड मिनिटात संपतात आणि बक्षीस काय, तर एक रंगवलेले रेशमी निशाण. शर्यतीआधी घोड्याला पेठेच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात, ‘जा आणि जिंकून ये’. माणूस पेठेत जन्मतो, पेठेच्या कारंज्यावर त्याला पेठेत घेतात, आणि त्याची मिरवणूक, पंगत, भांडण सगळे वर्षभर पेठेत चालते. पर्यटक दोन दिवस येऊन जातो. घोड्यांना होणाऱ्या इजांबद्दल प्राणिप्रेमी जो आक्षेप घेतात तो मात्र गंभीर आहे, आणि धोक्याच्या वळणांवर गाद्या बांधूनही तो पुरता मिटलेला नाही.

लक्षात घ्यावे की सिएनाचा अधिकृत पालक संत अन्सानो आहे आणि त्याचा दिवस १ डिसेंबर. शहर जिच्यासाठी जगते ती २ जुलै ही तारीख कुठल्याच सरकारी यादीत नाही.

४ ऑक्टोबरला प्रत्यक्षात काय बदलेल?

असिसीत फारसे काही नाही. फ्रान्सिस आणि सिएनाची कातेरिना यांना पोप बारावे पायस यांनी १९३९ साली इटलीचे पालक संत घोषित केले. तेव्हापासून दर ४ ऑक्टोबरला देशाच्या एकेका प्रांतातले लोक पाळीपाळीने फ्रान्सिसच्या समाधीवरच्या दिव्यासाठी तेल घेऊन येतात. देशाला पहिली खरी मोकळीक मिळेल ती २०२७ साली, कारण तेव्हा हा दिवस सोमवारी येतो.

बोलोन्याचे मात्र एक वेगळे त्रांगडे झाले आहे. तिथे पालक संताची सुट्टी आणि राष्ट्रीय सुट्टी आता एकाच दिवशी आहेत. व्हेनिसपुढे हा प्रश्न पूर्वीच आला होता, कारण त्याचा संत मार्क २५ एप्रिललाच येतो. त्या दिवशी व्हेनिसचे पुरुष आपल्या प्रिय स्त्रीला लाल गुलाबाची कळी देतात आणि सुट्टी मात्र मुक्तिदिनाची असते. व्हेनिसने तोड काढली ती नवसाच्या दिवसाची: शहराची स्वतःची सुट्टी तिथे २१ नोव्हेंबरला, सालूतेच्या सणाला घेतली जाते. बोलोन्याला तसाच दुसरा दिवस शोधायचा की पेत्रोनियो आणि फ्रान्सिस यांना एकाच तारखेत नांदवायचे, हे बोलोन्यालाच ठरवावे लागेल.